आभाळ गरजलं की पावसाची वाट पाहू नका

वाचकांचे प्रश्न : या वेळी फक्त विजा

मागच्या अंकात अवकाळी पावसावर लिहिलं होतं आणि खाली एक ओळ टाकली होती की विजांबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त पाठवा, तर नागपुरातून, काटोलकडून, उमरेड-भिवापूरकडून एवढे प्रश्न आले की अर्ध्याहून जास्त बाजूला ठेवावे लागले. जे घेतले ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, नावं मात्र छापत नाही. आपल्या इकडे मार्च ते जून हे विजांचे मुख्य महिने, आणि मग पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणून विषय आत्ताच घेतला, नंतर वाचून काय उपयोग.

"सर, मी आठवीत आहे. ढगावर ढग घासतात म्हणून वीज होते असं सगळे सांगतात. मग श्रावणात तर दिवसभर ढगच ढग असतात, तेव्हा वीज का नाही चमकत?" (विद्यार्थी, महाल)

बाळा, एकदम मुद्द्याचं विचारलंस. ढगावर ढग घासून काही होत नाही. घासाघाशी होते ती एकाच ढगाच्या पोटात, आणि तीही बर्फाची.

आपला मे महिना आठव. पारा ४४-४५, दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं. जमिनीला लागून असलेली हवा तापते आणि वर निघते. त्यात बंगालच्या उपसागरावरून छत्तीसगड ओलांडून दमट हवा आलेली असली तर ती वर जाताजाता थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते तिच्यामुळे हवा आणखी जोरात वर चढते. असं करत करत दुपारी दोनला फुलकोबीएवढा दिसणारा ढग संध्याकाळी पाचपर्यंत १२ ते १५ किलोमीटर उंच होतो आणि वर जाऊन लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरतो. श्रावणातले ढग असे उंच वाढत नाहीत, ते चादरीसारखे आडवे पसरलेले असतात, म्हणून रिपरिप असते पण कडकडाट नसतो.

आता त्या उंच ढगाच्या आत जाऊ. साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याच्या खाली जातं. तिथे तीन गोष्टी एकत्र असतात : बर्फाचे एकदम बारीक स्फटिक, साबुदाण्याच्या दाण्यासारख्या मऊ छोट्या गारा, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. वर जाणारी हवा हलके स्फटिक वर नेते, जड गारा खाली येतात किंवा मधेच तरंगत राहतात, आणि या येण्याजाण्यात दोघांची करोडो वेळा टक्कर होते. टक्कर झाली की थोडा चार्ज इकडचा तिकडे जातो, गारांकडे ऋण आणि स्फटिकांकडे धन. स्फटिक ढगाच्या माथ्यावर गेले, गारा मधल्या-खालच्या भागात राहिल्या, म्हणजे ढगाचा माथा धन आणि पोट ऋण. आणि ढगाच्या पोटातल्या ऋण चार्जमुळे खाली जमिनीवर, झाडांवर, घरांवर, माणसांवर धन चार्ज गोळा होतो. तू मैदानात उभा असशील तर तुझ्यावरसुद्धा.

हवा तशी वीज वाहू देत नाही. पण ताण एवढा वाढतो की शेवटी तिला भेग पडते. बहुतेक वेळा ही भेग ढगातल्या ढगातच पडते, चारातल्या साधारण तीन विजा जमिनीकडे येतच नाहीत. उरलेली एक येते, आणि तिचं येणं बघण्यासारखं असतं. ढगातून एक अंधुक धागा खाली निघतो, सरळ नाही, साधारण ५० मीटरचा एक टप्पा, मग सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांत मोजावा एवढा थांबा, मग पुढचा टप्पा, जिथे हवा सोपी वाटेल तिकडे वळत आणि फाटे फोडत. म्हणून वीज वाकडीतिकडी दिसते. हा धागा जमिनीच्या जवळ आला की खालूनही उंच वस्तूंच्या टोकांवरून छोटे धागे वर उठतात, झाडाच्या शेंड्यावरून, खांबावरून, मोकळ्या वावरात माणूसच सगळ्यात उंच असला तर माणसाच्या डोक्यावरून. वरचा आणि खालचा धागा जुळला की वाट पूर्ण झाली, आणि मग जो लख्ख उजेड होतो तो खालून वर जातो. आपल्याला वाटतं वीज पडली, पण डोळे दिपवणारा झोत जमिनीकडून ढगाकडे धावत असतो. त्याच वाटेने असे तीन-चार झोत एकामागे एक जातात, म्हणून वीज लुकलुकल्यासारखी वाटते. त्यात साधारण ३०,००० अँपिअर करंट असतो, आपल्या घरच्या मोठ्या प्लगला १६ अँपिअर चालतो हे लक्षात घे म्हणजे अंदाज येईल. आणि वाट जेमतेम अंगठ्याएवढी जाड, पण आतली हवा ३०,००० अंशाच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एवढी तापलेली हवा फटाक्यासारखी फुटते आणि तोच गडगडाट. वीज काही किलोमीटर लांब असते, जवळच्या भागाचा आवाज आधी येतो आणि लांबच्या भागाचा मागून येत राहतो, म्हणून कडाडल्यावर बराच वेळ गुरगुर चालते.

"वीज किती लांब आहे हे आकडे मोजून कळतं का? आणि कधीकधी उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपलो की नुसता उजेड दिसतो, आवाज काहीच नाही, ती कोणती वीज?" (प्रतापनगर)

कळतं. उजेड लगेच दिसतो, आवाज ३ सेकंदांना १ किलोमीटर येतो. उजेड दिसल्यापासून मोजा, आवाज १५ सेकंदांनी आला तर वीज ५ किलोमीटरवर. ३० सेकंदांच्या आत आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, आणि १० किलोमीटर म्हणजे जवळ, लांब नाही, हे मला ठळक अक्षरात सांगायचं आहे. पुढची वीज तुमच्या डोक्यावर यायला तेवढं अंतर काहीच नाही. उंच ढगाचा तो पसरलेला माथा पावसाच्या पुढे कितीतरी लांब आलेला असतो, त्याच्यातून सुटलेली वीज जिथे पाऊस चालू आहे तिथून १०-१५ किलोमीटर लांबसुद्धा पडते, डोक्यावर निळं आभाळ असताना. खरं म्हणजे मोजायचीही गरज नाही. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो, म्हणजे ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. आत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं आतच राहा. लोक पाऊस थांबला की लगेच बाहेर निघतात, फुटाळा तलावावर मक्याचं कणीस खायला गर्दी होते, आणि ढग अजून तिथेच असतो.

नुसता उजेड दिसतो ती वेगळी वीज नाही. काटोलकडे पन्नासेक किलोमीटरवर ढग चमकत असतो, उजेड आपल्यापर्यंत येतो, आवाज वाटेतच विरतो. तो ढग आपल्याकडे सरकतोय का तेवढं बघत राहा.

"माह्या वावरात धुऱ्यावर जुना निंब आहे. दरवर्षी पाणी आला की सगळे मजूर त्याच्याच खाली उभे रायतात. दोन वर्षांआधी त्या निंबावर इज पडली, तेव्हा कोणी नव्हतं. आता गडी म्हणतात एकदा पडली तिथं परत पडत नाही. खरं हाय का? अन् झाडाखाली नाही तर मंग वावरात जावं कुठं?" (शेतकरी, काटोल तालुका)

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. आधी सरळ उत्तर : खरं नाही. ज्या उंचीमुळे पहिल्यांदा तिथे पडली ती उंची अजून तशीच आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर दरवर्षी वीस-पंचवीस वेळा वीज पडते, त्याच इमारतीवर. तुमचा निंब धुऱ्यावर एकटा उंच उभा आहे ना, मग तो परत परत निवडला जाणार. गड्यांना आजच सांगा.

मी सातवीत असताना मामांच्या वावरात असाच निंब होता, जून लागायचा होता, पेरणीच्या आधीची वखरणी चालू. मामा बैल सोडून झाडाला बांधून घरी भाकर खायला आले होते, पाणी आला नव्हता, नुसतं आभाळ काळं झालेलं आणि वारा सुटलेला. कडाडलं तेव्हा आम्ही ओसरीत होतो, भांडी हलली. नंतर वावरात गेलो तर निंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हातभर रुंद पट्टा सोलल्यासारखी निघालेली, आतलं लाकूड पांढरं ओलं दिसत होतं, आणि सालीचे तुकडे वीस-पंचवीस पावलांवर जाऊन पडलेले. दोन्ही बैल खाली, एका कुशीवर, पाय ताठ, अंगावर जखम नाही, एकाच्या तोंडात अजून कडब्याची काडी. मामा दावं हातात घेऊन कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. ते दहा मिनिटं उशिरा निघाले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेला नाही.

झाडाखाली काय होतं ते समजून घ्या, म्हणजे गड्यांना समजावता येईल. झाडात ओल असते, वीज त्या ओलीतून खाली येते, पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि साल फुटून उडते. पण माणसाचं शरीर झाडापेक्षा चांगलं वीज वाहून नेतं. बुंध्याजवळ माणूस उभा असला की वीज खोडातून खाली येताना अर्ध्या वाटेवर उडी मारून त्याच्यात शिरते. हे झालं एक. दुसरं म्हणजे झाडातून जमिनीत गेलेली वीज मुळांच्या आजूबाजूने पसरत जाते, बुंध्याजवळ जास्त आणि लांब कमी. एक पाय जवळ आणि एक पाय लांब असला की दोन पायांमध्ये फरक पडतो आणि वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. बैलांचे पुढचे-मागचे पाय माणसापेक्षा किती लांब, म्हणून त्यांच्यात जास्त फरक पडतो आणि करंट छातीतून जातो. झाडाखाली बांधलेलं ढोर वाचत नाही ते यामुळे. ढोरं झाडापासून, तारेच्या कुंपणापासून सोडवून ठेवा, पण ते आभाळ डोक्यावर यायच्या आधी. कडकडाट चालू झाल्यावर ढोरांसाठी मागे धावू नका. हे सांगताना मला माहीत आहे की बैलजोडी म्हणजे काय असतं, तरी सांगतो.

जावं कुठे? पक्क्या घरात, शाळेत, समाजमंदिरात, किंवा चारी बाजूंनी बंद, वर लोखंडी छत असलेल्या गाडीत, काचा वर करून. गाडीत माणूस वाचतो तो टायरच्या रबरामुळे नाही. वीज लोखंडी बॉडीच्या बाहेरून वाहत जमिनीत जाते, आत येत नाही. फॅरेडे नावाच्या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूने मढवलेली खोली करून, स्वतः आत बसून हे दाखवलं होतं. म्हणून उघडा ट्रॅक्टर चालत नाही, बैलबंडी चालत नाही, मोटरसायकल तर अजिबात नाही. चार खांबांवर टिना टाकलेली शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. रबरी चपलांचा भरवसा धरू नका, जी वीज काही किलोमीटर हवा फोडून आली ती अर्ध्या इंच रबराला थांबणार आहे का?

आता वावर मोठं, गाव लांब, आणि एकदम गाठलं तर? मग बोअरची मोटर, तारेचं कुंपण, विजेचे खांब, विहीर, तळं आणि एकटं झाड या सगळ्यांपासून लांब या. एकटं झाड सोडून बुटक्या झाडांची दाट रांग असेल, संत्र्याची बाग म्हणा, तर मोकळ्या वावरात उभं राहण्यापेक्षा तिथे खोलगट जागी बरं, खोडाला न टेकता. एकमेकांना चिकटून उभे राहू नका, पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाला काही झालं तर दुसरे त्याला उचलायला उरतील. अंगावर काटा आला, केस उभे राहिले, डोक्यात मुंग्या आल्या तर समजा खालून धागा उठायला लागला आहे. त्याच क्षणी दोन्ही पाय जुळवून, टाचा एकमेकांना लावून, चवड्यावर उकिडवं बसा, डोकं गुडघ्यात, हात कानांवर. आडवं झोपू नका, जमिनीतून येणारा करंट झोपलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत सापडतो. पण दादा, हे उकिडवं बसणं म्हणजे सुरक्षित होणं नाही, काहीच उरलं नाही तेव्हाचा उपाय आहे. खरा उपाय गडगडाट पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा हातातलं काम टाकून निघणं हाच. 'एवढी ओळ झाली की निघतो' यात माणसं जातात. २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ लोक गेले अशी सरकारी नोंद आहे, आणि यात वावरात काम करणारेच जास्त असतात.

तुमच्याकडे मोबाईल असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या, फुकट आहे, आपल्या आजूबाजूच्या २०-४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज कुठे पडून राहिली ते दाखवतं. सोनेगावच्या हवामान केंद्राकडूनही पुढच्या तीन तासांचे इशारे निघतात. एका गड्याला हे काम नेमूनच द्या की दुपारी तीननंतर तू मोबाईल आणि आभाळ दोन्ही बघायचं, आणि तू म्हटलास की सगळ्यांनी निघायचं, त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. शेवटची ही गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते ॲपपेक्षाही तीच मोठी.

"घरात आहोत म्हणजे सेफ ना? मग सासूबाई टीव्ही, कूलर, नळ, मोबाईल सगळंच बंद करायला का लावतात?" (मनीषनगर)

ताई, सासूबाई बरोबर आहेत, मोबाईल सोडून. घर सेफ आहे, पण घरात बाहेरून येणाऱ्या तारा आणि पाइप हे विजेचे रस्ते आहेत. लांबच्या खांबावर वीज पडली तरी झटका लाईनमधून घरापर्यंत येतो. नुसतं बटन बंद करून भागत नाही, बटनातली फट काही मिलिमीटरची, ती ओलांडायला विजेला काय लागतं. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, तोपण त्याच कारणाने कामी येत नाही. प्लग काढा, डिशची आणि वायफाय राउटरची वायर काढा, पण हे सगळं गडगडाट लांब असताना. डोक्यावर कडाडायला लागल्यावर प्लगला हात लावणं उलटं धोक्याचं. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे लाईनमधून आलेला झटका जमिनीत सोडणारं उपकरण, बसवून घेता आला तर चांगलंच, आणि अर्थिंग नीट आहे का ते उन्हाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायचं सगळे विसरतात.

कूलरचं वेगळं सांगतो कारण हे आपलं नागपूरचं आहे. लोखंडी बॉडी, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, आत पाणी, आत मोटर, आणि आपण ओल्या हाताने पाणी किती आहे ते बघतो. वादळ दिसलं की कूलरचा प्लग काढून टाका, आणि गडगडाट चालू असेपर्यंत त्याला हात लावू नका, पाणी भरू नका. आंघोळ, भांडी, धुणं तेवढा अर्धा तास थांबवा, पाण्यातून आणि लोखंडी पाइपातून करंट येतो. आता बऱ्याच घरी प्लास्टिकचे पाइप आहेत, धोका कमी झाला पण पाणी तर आतून तेच आहे.

मोबाईल वीज ओढत नाही. हातातल्या मोबाईलवर खुशाल बोला, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर नको, तिथे वायर आली. खिडकीत, दारात, बाल्कनीच्या रेलिंगला टेकून उभं राहू नका.

आणि ताई, एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायचीच आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवण असतं, कुरड्या, पापड, सांडगे, मिरच्या. वारा सुटला, आभाळ भरून आलं की घरातल्या बाया धावत गच्चीवर जातात, एका हातात साडीचं टोक, दुसऱ्या हाताने पापड गोळा, बाजूला कपड्यांची लोखंडी तार, आणि आजूबाजूला सगळ्यात उंच कोण, तर त्याच. माझी बहीण अशीच उभी होती तेव्हा दोन घरं सोडून पाण्याच्या टाकीवर वीज पडली, तिला आठवडाभर डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. पहिला गडगडाट ऐकायच्या आधी आणता आलं तर आणा, नाही तर भिजू द्या. कुरड्या परत होतात.

"आमच्या गावी वीज लागलेल्या माणसाला शेणात पुरून ठेवतात, अंगातली वीज उतरते म्हणून. हात लावला तर आपल्याला शॉक बसतो असंही म्हणतात. खरं काय?" (कॉलेज विद्यार्थिनी, उमरेड)

दोन्ही खोटं, आणि दोन्हींमुळे वाचू शकणारी माणसं मरतात. वीज अंगात राहत नाही, ती आली त्या क्षणीच गेली. त्या माणसाला लगेच हात लावता येतो. त्याचं हृदय थांबलेलं असू शकतं, श्वास थांबलेला असू शकतो, आणि पुष्कळदा हृदय आपोआप परत चालू होतं पण श्वासाचं केंद्र बधिर असतं, म्हणून श्वास मिळाला नाही की हृदय दुसऱ्यांदा थांबतं. शेणात गळ्यापर्यंत पुरलेल्या माणसाची छाती हलवायची कशी, सांग बरं.

त्यामुळे १०८ ला फोन करायला एकाला सांगायचं, कडकडाट अजून चालू असेल तर त्या माणसाला उचलून आडोशाला न्यायचं, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांचे तळवे ठेवून जोरात दाबायला सुरू करायचं, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२०. येत असेल तर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलं तर दुसऱ्याने घ्यायचं. एकाच वेळी चारपाच जणांना लागलं असेल तर जो कण्हतोय, हलतोय तो बहुतेक वाचणार आहे, आधी जा जो निपचित पडलाय त्याच्याकडे. हे बाकीच्या अपघातांपेक्षा उलटं आहे म्हणून मुद्दाम लक्षात ठेव. अंगावर झाडाच्या फांद्यांसारखी लाल नक्षी उमटते कधीकधी, तिला घाबरू नका, ती एकदोन दिवसांत जाते. पण माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच, कानाचा पडदा, डोळे, हृदय तपासून घ्यावं लागतं. तू कॉलेजमध्ये आहेस, गावात दहा जणींना जरी उशीवर छाती दाबायची प्रॅक्टिस करून दाखवलीस तरी मला फार बरं वाटेल.

अजून एक, कोणी गेलंच तर घरच्यांनी तलाठी आणि तहसीलला लगेच कळवायचं, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झालेलं असलं पाहिजे. महाराष्ट्रात वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला ४ लाखांची मदत मिळते, आणि पोस्टमॉर्टेम न करता अंत्यविधी उरकला तर ती अडकते.

"बाईकवर वर्धा रोडला होतो, कडाडायला लागलं, मेट्रोच्या पुलाखाली थांबलो. बरोबर केलं का?" (खापरी)

चालत्या बाईकवर राहण्यापेक्षा बरंच बरं केलं. पण खांबाला टेकून उभं राहू नका, बाईकपासून थोडं लांब व्हा, आणि जवळ दुकान, बँक, मेट्रो स्टेशन असेल तर तिथे शिरा. मेट्रोच्या डब्यात बसलेला माणूस मोटारीत बसल्यासारखाच सेफ. होर्डिंगखाली नको, आपल्याकडच्या वादळात होर्डिंगच पडतात.

"एवढी ताकद असते तर ही वीज साठवून वापरत का नाहीत?" (बारावी सायन्स, सीताबर्डी)

एका विजेतली ऊर्जा सरासरी काढली तर २८० युनिटच्या आसपास येते. कूलर चालवणाऱ्या घराचं उन्हाळ्यातलं एका महिन्याचं बिल समज. त्यातली बहुतेक हवेतच उष्णता, उजेड आणि आवाज होऊन जाते, तारेतून हाती येईल ती त्यातली थोडीच. आणि ती कुठे पडेल माहीत नाही, सेकंदाच्या छोट्याशा हिश्श्यात संपते. कोराडीच्या वीज केंद्रात जे युनिट काही क्षणांत बनतात त्यासाठी वर्षभर आभाळाखाली मनोरा घेऊन कोण बसणार.

पण ही वीज दुसऱ्या मार्गाने कामाला येते. तिच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळतात आणि पावसाबरोबर नायट्रेट होऊन जमिनीत उतरतात. पिकाला ते थोडंफार खतच.

"माझी मुलगी पायाळू आहे. सासरचे म्हणतात पायाळूवर वीज पडते. पावसाळ्यात तिला अंगणातसुद्धा जाऊ देत नाहीत, शाळाही बुडते, आणि वीज कडाडली की सगळे तिच्यापासून लांब बसतात. ती नऊ वर्षांची आहे. काय सांगू यांना?" (भिवापूरजवळचं गाव)

माय, हे पत्र मी घरी वाचून दाखवलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही.

घरच्यांना हे सांगा. दिवस भरलेल्या शंभर बाळांमध्ये तीन-चार बाळं पायाकडून किंवा बसल्या स्थितीत येतात. नागपूर जिल्ह्यात अशी हजारो माणसं आहेत, वावरात जातात, गाड्या चालवतात, म्हातारी होतात. वर मी लिहिलंय तसं, ढगातून निघालेला धागा शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये ठरवतो की कुठे जुळायचं, आणि तिथे फक्त एवढंच चालतं की खालून उठलेला धागा कोणाचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात जवळ. झाडाचा, टाकीचा, मोकळ्या जागी उभ्या माणसाचा. जन्माच्या वेळी डोकं आधी आलं की पाय, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. पायाळू माणसावर वीज पडली की गावभर चर्चा होते आणि ती पन्नास वर्षं आठवणीत राहते. बाकीच्यांवर पडते तेव्हा ते डोक्याकडून जन्मलेले होते हे कोणी म्हणत नाही.

आणि लांब बसण्याबद्दल, घर पक्कं असेल तर तिच्याजवळ बसलेला माणूस लांब बसलेल्याएवढाच सुरक्षित आहे. आजीला सांगा की कडाडताना नऊ वर्षांच्या पोरीला मांडीवर घ्यायचं असतं. शाळेत जाऊ द्या तिला. हा अंक जपून ठेवा, कोणी काही म्हटलं तर हा भाग मोठ्याने वाचून दाखवा, लागलं तर मला बोलवा, मी भिवापूरला येईन आणि घरच्यांशी बसून बोलेन. पुढच्या वेळी आभाळ गरजलं की गल्लीतल्या सगळ्या पोरांना ज्या वेळी आत घ्याल त्याच वेळी तिलाही घ्या, आधी नाही आणि नंतर नाही.